शंभर वर्षांपूर्वीची बाजू

शहात्तर साली पेठेतल्या मुलींच्या शाळेला शंभर वर्षं पुरी झाली आणि त्याचा सगळा ताप सलिमा मुल्लाणींच्या डोक्यावर आला. सलिमाबाई दहावीला गणित शिकवायच्या. गणिताचा आणि प्रदर्शनाचा काय संबंध, सांगा! पण मोठ्या बाईंनी, म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापिकेनं, मीटिंगमध्ये "कोण घेतंय जबाबदारी?" असं विचारलं तेव्हा बाकीच्या सगळ्या जणी पर्स उघडून काहीतरी शोधायला लागल्या. सलिमाबाई तेवढ्या वर बघत बसल्या होत्या. झालं, त्यांच्याच गळ्यात घोंगडं पडलं.

प्रदर्शनाचं नाव होतं 'शंभर वर्षांपूर्वी आणि आज'. हॉलच्या डाव्या बाजूला तेव्हाचं कुटुंब, तेव्हाचं घर, तेव्हाची शाळा. उजव्या बाजूला हेच सगळं आजचं. दारातून आत आलेल्या माणसाला डावीकडं अंधार दिसला पाहिजे आणि उजवीकडं उजेड, असं मोठ्या बाईंचं म्हणणं. त्यासाठी त्यांनी डावीकडचे दोन बल्बसुद्धा काढून ठेवायला लावले.

आजचं घर म्हणून चित्रकलेच्या मास्तरांनी पुठ्ठ्याचा बंगला केला. बंगला झकास झाला होता, नाही कोण म्हणतंय? पुढं बाग, आत सोफा, फ्रीज, आणि वरच्या मजल्यावर मुलांच्या अभ्यासाची वेगळी खोली. तिथं काडेपेटीएवढं टेबलसुद्धा ठेवलेलं. सलिमाबाई त्या टेबलाकडं बघत राहिल्या. त्यांच्या स्वतःच्या घरात दोन खोल्या, आणि माणसं किती? त्यांची आई इमामबी, भाऊ गौस, भावजय, भावाची चार पोरं आणि त्या स्वतः. पेपर तपासायचे ते ट्रंकेच्या झाकणावर, आणि तेसुद्धा पोरं अंगणात खेळायला गेली तर. मोठ्या बाईंकडं तरी काय होतं? संडासाला तीन बिऱ्हाडांत एक चावी. मग हे आजचं घर आहे तरी कुणाचं, असं सलिमाबाईंनी विचारलं तर मास्तर म्हणाले, "बाई, मासिकात बघून केलंय."

खरा वैताग पुढंच होता. आजच्या वस्तू कशाबशा जमल्या. गॅसची शेगडी मोठ्या बाईंनी दिली, टेबलफॅन शाळेच्या कमिटीच्या अध्यक्षांच्या घरून आला. पण शंभर वर्षांपूर्वीच्या वस्तू कुणी द्यायलाच तयार होईना! जुन्यावर लोकांचा फार जीव होता म्हणाल, तर तसंही नव्हतं. त्या वस्तू घरोघरी अजून वापरात होत्या. कंदील मागितला तर म्हणाले, आणि वीज गेल्यावर काय करायचं? पाणी तापवायचा बंब मागितला तर म्हणाले, पोरांनी आंघोळी कशाच्या करायच्या? शेवटी जुन्या शाळेची बसायची पट्टी म्हणून दुसरीच्या वर्गातलीच पट्टी गुंडाळून आणावी लागली, आणि प्रदर्शन संपेपर्यंत दुसरीच्या पोरी गार फरशीवर बसल्या. सलिमाबाईंनी हे मोठ्या बाईंच्या कानावर घातलं. त्या म्हणाल्या, "तुम्ही फार खोलात जाता हो."

राहिलं होतं जातं. हल्ली दळण गिरणीत जातं, पण डाळी भरडायला पेठेत अजून जातीच होती, आणि चांगलं मोठं, बघण्यासारखं जातं होतं हंबीरराव गवळ्यांकडं. सलिमाबाईंना तिथं तसंही जायचंच होतं. हंबीररावांची मुलगी शालन त्यांच्या वर्गात. बीजगणितात तिचा हात धरणारी दुसरी मुलगी शाळेत नव्हती. फळ्यावर उदाहरण लिहून बाई वळेपर्यंत शालनचं उत्तर तयार असायचं. ही पोरगी मॅट्रिकला शाळेचं नाव काढणार, पुढं कॉलेजात जाणार, एवढा एकच भरवसा सलिमाबाईंना त्या वर्षी होता. आणि ती पोरगी पंधरा दिवस शाळेत आली नव्हती. ताप आलाय, असा निरोप होता.

हंबीररावांचं घर म्हणजे पुढं म्हशींचा गोठा आणि मागं दोन खोल्या. घरात जायचं तर म्हशींच्या मधून. संध्याकाळी म्हशी कट्ट्यावर नेऊन गिऱ्हाइकासमोर धार काढून द्यायची, असा त्यांचा धंदा. सलिमाबाई पदर सावरत आत गेल्या तर समोर शालन शेणाची पाटी घेऊन उभी. ताप नाही, खोकला नाही, काही नाही. बाईंना बघून तिनं मान खाली घातली आणि पाटी घेऊन मागं निघून गेली.

हंबीररावांनी मात्र तोंडभर स्वागत केलं. बाईंना बसायला खुर्ची दिली, निरशा दुधाचा चहा सांगितला. माणूस वाईट असता तर बरं झालं असतं, निदान भांडता तरी आलं असतं. हा तर पोरीवर कधी आवाजसुद्धा न चढवणारा माणूस. त्यानं सांगितलं की शालनचं जमलंय. स्थळ मुरगूडचं आहे, घरचा ऊस आहे, मुलगा साखर कारखान्यात चिकटलाय. माघातली तारीखसुद्धा धरलीय.

सलिमाबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दोन महिन्यांवर परीक्षा आणि ह्यांना लग्न सुचतंय! त्यांनी सगळं सांगून बघितलं. पोरगी पहिल्या वर्गात येईल, तिला शिष्यवृत्ती मिळेल, नोकरी लागेल, काळ बदलला आहे. हंबीरराव प्रत्येक वाक्याला मान डोलवत होते. कारखान्यातलं पोरगं दोन महिने थांबत नाही म्हणाले. पंधरा सरली, कायद्यात बसतंय म्हणाले. ते खोटंही नव्हतं, तेव्हाचा कायदा तसाच होता. आणि शेवटी म्हणाले की परीक्षेचं काय एवढं, सासरी राहून देईल की. सासरी राहून परीक्षा दिलेली एक मुलगी दाखवा, असं बाईंच्या ओठावर आलं होतं. पण चहा आला आणि ते शब्द चहाबरोबर गिळावे लागले.

शालनची आई चिमणाबाई हे सगळं ऐकत होती. म्हशीच्या अंगाला टेकून ती धार काढत बसली होती. धारेचा आवाज थांबला नाही की तिनं मान वर केली नाही. सलिमाबाईंना बापापेक्षा तिचाच जास्त संताप आला. अगं, पोटची पोर आहे ना तुझी? एक शब्द तरी बोल! पण ही बाई तोंड उघडेल तर शपथ.

जात्याला मात्र हंबीरराव लगेच कबूल झाले. वर अटही घातली. "जातं खुशाल न्या बाई, पर सोमवारी दारात पायजे. शालीचा घाणा भरायचाय."

घाणा भरणं म्हणजे लग्नाआधी जात्याला आंब्याचा टाळा, म्हणजे पानांची डहाळी, बांधून पाच सवाष्णींनी हळद दळायची. त्याशिवाय लग्नाच्या कुठल्याच कामाला हात लावत नाहीत. सलिमाबाई वैतागून म्हणाल्या की समजा उशीर झालाच, तर शेजारचं जातं घ्या. त्यावर हंबीररावांनी कानाला हात लावला.

"छ्या! आमच्या भावकीत दुसऱ्याच्या जात्यावर घाणा चालत न्हाई. आन् नवं आणलं, तर त्येच्यावर वरीसभर घरचं दळण झाल्याबिगर त्येला हळद लावत न्हाईत. आज्या-पणज्यापास्नं हाय हे. त्यात बदल न्हाई."

काळ बदललाय हे पटलेला माणूस हे बोलत होता. सलिमाबाईंनी हात टेकले. दोन गड्यांनी जातं हातगाडीवर चढवलं आणि त्या गाडीमागून चालत शाळेत आल्या. पोरीला आणायला गेल्या होत्या आणि दगड घेऊन आल्या.

दुसऱ्या दिवशी नवंच लचांड. मोठ्या बाईंना जात्यावर दळणारी मुलगी पाहिजे होती. नऊवारी नेसून, डोक्यावर पदर घेऊन डाव्या बाजूला बसायचं आणि लोक आले की दळायचं. पाच-सहा मुलींना बसवून बघितलं. एकीलाही खुंटा धड फिरवता येईना, मसूर सगळ्या हॉलभर उडाला. तेव्हा कुणीतरी म्हणालं की ज्यांचं जातं आहे त्यांच्या शालनला बोलवा. सलिमाबाई नको नको म्हणत होत्या, पण मोठ्या बाईंचा शिपाई तोवर निघालासुद्धा. आणि गंमत बघा, ज्या हंबीररावांना पोरीला वर्गात पाठवायला जमत नव्हतं, त्यांनी प्रदर्शनाला मात्र तीन दिवस खुशीत पाठवली. शेवटच्या दिवशी पुण्याचे मोठे पाहुणे येणार, त्यांच्यासमोर पोरगी दिसणार, म्हणून लग्नासाठी घेतलेलं हिरवं लुगडंही नेसवून दिलं.

अशी ती शालन तीन दिवस डाव्या बाजूला अंधारात बसली. तिच्या डोक्यावर सलिमाबाईंच्याच अक्षरातली पाटी होती: 'शंभर वर्षांपूर्वी मुलींची शाळा बंद करून त्यांची लवकर लग्ने लावीत.' समोर उजव्या बाजूला, दिव्याखाली, टेबलखुर्चीवर पुस्तक उघडून कमिटीच्या अध्यक्षांची नात बसली होती. तिच्या डोक्यावरची पाटी: 'आज मुली शिकून स्वतःच्या पायांवर उभ्या राहतात.' नात गणितात दोनदा गचकलेली होती. सलिमाबाईंना दोन्ही बाजूंना बघवेना. त्या तीन दिवस दारातच उभ्या राहून लोकांच्या चपला सरळ करत होत्या.

पहिल्या दिवशी दुपारी गर्दी नव्हती तेव्हा शालननं त्यांना हाक मारली. दळता दळता तिनं हळूच विचारलं की वर्गसमीकरणाचा धडा पुढं कुठवर आलाय. सलिमाबाईंनी सांगितलं. मग त्यांना तिथं थांबवेना. त्या स्टाफरूममध्ये गेल्या आणि कपाटाकडं तोंड करून रडल्या.

रविवारी समारोप. पुण्याचे पाहुणे म्हणजे शिक्षण खात्यातले निवृत्त साहेब. माणूस हौशी आणि बोलका. सगळी पेठ लोटली होती. हंबीरराव कडक इस्त्रीचं धोतर नेसून पुढच्या रांगेत, आणि चिमणाबाई बायकांच्या घोळक्यात मागं. प्रदर्शन उघडल्यापासून ती आज पहिल्यांदाच शाळेत आली होती. तशी ती ह्याच शाळेची, दुसरीपर्यंत शिकलेली. आल्या आल्या ती लेकीसमोर उभी राहिली आणि बोट फिरवत, एकेक अक्षर जुळवत तिनं वरची पाटी वाचली. वाचायला तिला बराच वेळ लागला. वाचून झाल्यावरसुद्धा ती तिथून हलली नाही.

साहेब बघत बघत डाव्या बाजूला आले. जातं बघून खूश झाले. शालनला म्हणाले की अगदी हुबेहूब दिसतेस, जुन्या काळातली मुलगीच! मग कौतुकानं त्यांनी विचारलं, "आणि बाळ, शाळेत कितवीत आहेस तू?"

शालननं खुंटा थांबवला. रडली नाही की लाजली नाही. गणिताचं उत्तर द्यावं तसं सरळ उत्तर दिलं.

"दहावीत हुते. आता ह्या बाजूला हाय."

साहेबांना तो विनोद वाटला. ते मोठ्यानं हसले, त्यांच्यामागं मोठ्या बाई हसल्या, त्यांच्यामागं सगळी कमिटी हसली. हंबीररावसुद्धा हसले, पोरगी साहेबांशी न घाबरता बोलली म्हणून. सलिमाबाईंना वाटलं, पुढं व्हावं आणि दोन्ही बाजूंच्या पाट्या काढून एकेकाच्या डोक्यात घालाव्यात. हसली नाही ती एकटी चिमणाबाई. ती लेकीच्या तोंडाकडं बघत होती.

मग भाषणं झाली. साहेब म्हणाले की असं जातं आता बघायला मिळत नाही. नव्या पिढीला जुने दिवस कळायला हवेत, तेव्हा अशा वस्तू शाळेनं कायमच्या जपून ठेवाव्यात. भाषणात बोलायचं म्हणून बोलले, दुसरं काही नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या संपत आल्या आणि मागून बायकांतून आवाज आला.

"ऱ्हाऊ द्या मग शाळंतच. आमी दिलं."

सगळ्या माना मागं वळल्या. चिमणाबाई उभी होती. पदर डोक्यावर, नजर जमिनीवर. बारा वर्षं त्या शाळेत काढलेल्या सलिमाबाईंनी तिचा आवाज पहिल्यांदा ऐकला. हंबीरराव अर्धवट उठले. पण साहेब त्यांच्याही आधी उठले होते. केवढं हे औदार्य म्हणाले, ह्या माउलीचे यजमान कुठं आहेत म्हणाले. लोकांनी हंबीररावांना ढकलतच स्टेजवर नेलं. तिथं त्यांना फेटा बांधला, हातात नारळ दिला, फोटो काढला. अख्ख्या पेठेसमोर फेटा बांधून घेतलेला माणूस दिलेलं दान परत कसं मागणार? हंबीररावांचा चेहरा त्या फोटोत अजून बघण्यासारखा आहे.

सलिमाबाईंच्या डोक्यात प्रकाश पडायला थोडा वेळ लागला. घरचं जातं नाही, म्हणजे घाणा नाही. घाणा नाही, म्हणजे माघातलं लग्न नाही. आपण काळ, कायदा, शिष्यवृत्ती काय काय सांगून घसा कोरडा केला होता. आणि त्या वेळी ही बाई म्हशीआड बसून फक्त नवऱ्याचं बोलणं ऐकत होती.

सोमवारी हंबीरराव बाजारातून नवं जातं घेऊन आले. घरात काय आदळआपट झाली ती शेजाऱ्यांनी ऐकली. मुरगूडकरांना निरोप गेला. ते नाराज झाले, पण भावकीची रीत त्यांनाही मान्य होती. म्हणाले, थांबतो, पर वरीस म्हंजे वरीसच. दोन दिवसांनी शालन दप्तर घेऊन वर्गात हजर झाली. आली, बसली आणि वही उघडली. सलिमाबाईंनी हजेरी घेताना तिच्या नावावर जरा थांबून घेतलं.

गोष्ट इथं संपती तर सलिमाबाई सुखानं झोपल्या असत्या. पण एका शनिवारी सकाळी, बीजगणिताचा तास चालू असताना, भिंतीपलीकडून घरघर ऐकू यायला लागली. पलीकडच्या खोलीत प्रदर्शनातल्या वस्तू ठेवल्या होत्या. थोड्या वेळानं मोठ्या बाईंचा शिपाई आला. त्या बाईंना जरा समजावा म्हणाला, शाळेच्या वस्तूला हात लावलेला मोठ्या बाईंना चालत नाही.

सलिमाबाई गेल्या. चिमणाबाई जमिनीवर बसून मसूर भरडत होती, शेजारी डाळीची टोपली. बाईंनी विचारलं की घरी नवं जातं आहे ना, मग इथवर टोपली कशाला आणायची?

"त्येची टाकी नीट बसली न्हाई. डाळीत कच येतीय," चिमणाबाई म्हणाली. जात्याच्या दगडाला छिन्नीनं नीट टाके पाडले नाहीत तर कच येते, हे खरं. पण टाकी लावणाऱ्या टकाऱ्याला बोलावलं तर त्याचं काम ते किती! सलिमाबाईंनी तेच म्हटलं. चिमणाबाईनं खुंटा फिरवत सांगितलं की टकारी दोनदा येऊन गेला, तिला काही पसंत पडलं नाही, आणि पसंत पडेपर्यंत ती त्या जात्यावर एक दाणा टाकणार नाही. मालक वर्ष कुठून मोजायचं म्हणून रोज विचारतात. तिनं त्यांना सांगितलंय, पहिलं दळण पडेल तवापास्नं.

 बायकोनं डाळीतल्या खड्यांचं निमित्त काढून नवऱ्याचं वर्ष सुरूच होऊ दिलं नव्हतं. हसावं की रडावं कळेना. एका पोरीला शाळेत बसू द्यायचं तर आईनं शाळेत येऊन दळत बसायचं? तेवढ्यात त्यांचं लक्ष वर गेलं. चिमणाबाईच्या बरोब्बर डोक्यावर तीच पाटी लटकत होती, त्यांच्याच सुबक अक्षरातली. शंभर वर्षांपूर्वी! शरमेनं त्यांचे कान तापले. त्यांनी स्टूल ओढलं आणि पाटी काढायला हात वर केला.

"असू द्या बाई," चिमणाबाई म्हणाली. "पाटी हाय तंवर जातं शाळंचं हाय. काढलीसा, तर उद्या मालक येत्याल आन् गाडीवर घालून घरी न्हेत्याल."

 मग सलिमाबाईंनी पाटीचा सैल झालेला खिळा अंगठ्यानं दाबून पक्का बसवला, खाली उतरल्या आणि दार ओढून घेऊन वर्गात परत आल्या. शालन फळ्यापाशी उदाहरण सोडवत होती. भिंतीपलीकडचा आवाज सगळ्या वर्गाला ऐकू येत होता. पुढच्या बाकावरची एक मुलगी हसली, तिच्यावर बाई वाजवीपेक्षा जास्त ओरडल्या. शालननं मागं वळून बघितलं नाही. तिनं उत्तराखाली रेघ मारली आणि पुढचं उदाहरण लिहायला घेतलं.